टबीथाचं अर्धं राहिलेलं झबलं

सोलापुरात आमच्या चर्चच्या मागे पत्र्याची एक लांबट खोली होती. त्या खोलीत मी सव्वीस वर्षं शिवण शिकवलं. पायाची सहा मशिनं, हाताची दोन, कापणीचं एक भलंमोठं टेबल आणि भिंतीवर पवित्र मरियेची तसबीर. उन्हाळ्यात दुपारी अडीचच्या सुमाराला ती खोली तरंगायला लागायची. पत्रा तापून टिकटिक वाजायचा, दारातून पांढरा उजेड आत सांडायचा, आठही मशिनं एका लयीत चाललेली असायची आणि बायकांचे डोळे अर्धे मिटले तरी हात थांबत नसत. पुष्कळदा मला वाटायचं, ही खोली जमिनीवर नाहीच. कुठल्यातरी संथ पाण्यावरून हळूहळू चालली आहे. आता मशीन चालवायला गुडघे साथ देत नाहीत. पण दुपारी डोळा लागला की ती खोली अजून तशीच चालत येते.

माझं नाव आग्नेस. वर्गातल्या बायका मला टीचर म्हणत. माहेर नगर जिल्ह्यातलं, शिवणाचा डिप्लोमा पुण्याचा. तो डिप्लोमा मी काचेत बसवून मरियेच्या तसबिरीशेजारीच टांगला होता, आणि खरं सांगायचं तर आत येणाऱ्याची नजर आधी कुठे जाते ते मी चोरून पाहायचे.

बाहेरच्यांना वाटतं, शिवण म्हणजे मशीन चालवणं. मशीन आठवड्यात येतं. खरी परीक्षा कापणीची. चुकलेली शिवण उसवता येते. चुकीचं कापलेलं कापड काही केल्या जुळत नाही. म्हणून पहिले दोन महिने मी कुणाला कापडाला कात्री लावू देत नसे. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर खाका काढायचा, तो कापायचा, टाचण्यांनी कापडावर बसवायचा, खडूने खूण करायची आणि मग कात्री. बिडीकामगारांच्या घरच्या पोरी तेलुगूत कुजबुजायच्या, की ही टीचर शिवणापेक्षा पेपरच जास्त फाडते.

गिऱ्हाइकंही येत. दुधनीची एक सासू सुनेला घेऊन आली. सासूने अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत बजावलं, पोलक्याचा गळा अगदी कंठापर्यंत पाहिजे. माप घेताना सुनेने माझ्या कानात सांगितलं, टीचर, दोन बोटं खाली. मी गळा सुनेच्या मापाने कापला आणि वर हुकांनी काढता-घालता येईल अशी पट्टी करून दिली. पुढच्या सणाला दोघी वेगवेगळ्या येऊन माझं कौतुक करून गेल्या.

शिंप्याला माणसाच्या अंगाची बातमी सगळ्यांच्या आधी लागते. आमचे फादर मूळचे मंगळूरकडचे, कमी बोलणारे. माप देताना दोन्ही हात असे पसरून उभे राहायचे की आशीर्वादच देतायत असं वाटावं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा झगा मी सहा महिन्यांत दोनदा आत घेतला. ते एका वेळचं जेवण देऊन टाकतात, हे स्वयंपाकिणीच्याही आधी मला कळलं होतं. मी शिवण घट्ट केली एवढंच.

त्या दुष्काळातली ही गोष्ट.

शहरापासून सहा-सात मैलांवर, मंगळवेढ्याच्या अंगाला, सरकारी दुष्काळी काम निघालं होतं. माळावर तलाव खोदायचा. हजारभर माणसं घमेली वाहत होती, खडी फोडत होती, आणि तिथेच पाचटाच्या खोपींचा तळ टाकून राहत होती. दर गुरुवारी मिशनची जीप तिथे दुधाची पावडर आणि कपडे घेऊन जायची. अब्दुलचाचा गाडी चालवायचे, मी शेजारी बसायचे. पहिल्या खेपेला मी विचारलं होतं, बायका एवढ्या कमी कशा दिसतात? तेव्हा एकीने सांगितलं, "खोपीत हायत की. एक लुगडं, दोघी जणी. आज सून आली, उद्या सासू यील." त्यानंतर मी जीपमध्ये कपड्यांचा गठ्ठा आधी चढवायला सांगू लागले.

बायडाबाई मला तिथेच भेटली. जेवणाच्या सुट्टीत सगळी माणसं बाभळीखाली आडवी झाली होती आणि ही एकटी दगडांच्या ढिगाला टेकून कुणाचीतरी चोळी शिवत बसली होती. पन्नाशीची असेल. उन्हाने रापलेली, हाडाने मोठी, कपाळावर गोंदण. सुई होती पण दोरा नव्हता. आपल्याच घोंगडीच्या काठाचं सूत उसवून ती शिवत होती.

"कुणाचं शिवताय?" मी विचारलं.

"आंग ज्येचं उगडं, त्येचं," ती वर न पाहता म्हणाली.

ती सांगोल्याकडची धनगरीण. नवरा मागेच गेलेला, मूलबाळ नव्हतं. मेंढरं होती, तीही दुष्काळात काही विकली गेली, काही चाऱ्यावाचून बसली ती उठलीच नाहीत. बहिणीच्या लेकीबरोबर ती या कामावर आली होती. दिवसभर खडी फोडायची आणि सुट्टीत तळावरच्या बायकापोरांचं फाटकं-तुटकं जोडायची. कुणाकडून काही घेत नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे या, मशिनीवर शिकवते. ती मनापासून हसली. पण कामाला खाडा असायचा त्या बाजाराच्या दिवशी सकाळी वर्गाच्या दारात उभी होती. चालत आलेली, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

मशिनीला ती आधी भ्यायली. पाय उलटा पडला, चाक मागे फिरलं, दोरा तुटला. नव्या मुलींची हमखास होणारी चूक तिनेही केली: कापड पुढून ओढायला लागली. कापड ओढायचं नसतं, नुसतं धरायचं असतं. मशीन ते आपलं आपण नेतं. हे मी बारा वर्षं फळ्यावर चित्रं काढून समजावत आले होते. बायडाबाईने दोन-तीनदा करून पाहिलं आणि शेजारच्या फिलोमिनाला म्हणाली, "अगं, ह्ये मेंढरावानी हाय. म्होरनं वढलं की आडतंय. मागनं नुसता हात ठिवला की आपसूक चालतंय." फिलोमिना माझी सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, वर्गाची मदतनीस. ती माझ्याकडे बघून हसली. पुढे मी शिकवताना तेच वाक्य वापरत आले. त्यानंतरच्या चौदा वर्षांत कुणाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

टेपाला मात्र तिने हात लावला नाही. तिचं माप वीत आणि बोटं. कागदावर खाका काढ म्हटलं की म्हणायची, "कागद कुणाच्या आंगात घालायचा हाय?" मला राग यायचा. तिने हाताने बेतलेलं झबलं बाळाला माझ्या खाक्यापेक्षा बरं बसायचं, तेव्हा जरा जास्तच यायचा.

त्या मार्चमध्ये परदेशातून जुन्या कपड्यांचा एक गठ्ठा आला. असे गठ्ठे अधूनमधून येत. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं, पण सोलापूरचं ऊन त्यांना कसं ठाऊक असणार? त्यात लोकरीचे ओव्हरकोट निघायचे. त्या तळावरच्या एका म्हाताऱ्याने भर मार्चमध्ये असा कोट मागून घेतला. मी म्हटलं, बाबा, आत्ता याचं काय करणार? तो म्हणाला, "थंडी येतीच की, बाई. आमी न्हाय कुटं जात."

या वेळच्या गठ्ठ्यात कोटांच्या तळाशी, पातळ कागदात गुंडाळलेला, लग्नाचा एक पांढरा गाऊन होता. जाड साटीन, खालपर्यंत घोळ, मागे लांब सोगा, आणि आत मऊ सुती मलमलीचं अस्तर. टेबलावर पसरला तेव्हा खोलीत चांदणं पडल्यासारखं झालं. मशिनं एकेक करून थांबली. तेलुगू पोरींनी आधी हात पदराला पुसले आणि मग एका बोटाने त्याला हळूच हात लावून पाहिला. कुणा परक्या देशातली कोण मुलगी तो घालून चर्चमध्ये चालत गेली असेल, आणि तिने तो इतक्या दूर का धाडला असेल, याचा विचार करत मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

त्या वर्षी आमच्या पाच मुलींचं पहिलं कम्युनियन होतं. ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेताना मुली पांढरे फ्रॉक घालतात. पाच फ्रॉक आणि उरलेल्याचं वेदीवरचं वस्त्र, असा हिशेब मी तिथल्या तिथे मांडला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना दाखवलं. त्या इतक्या हरखल्या की त्यांनी गावभर सांगितलं. मी गाऊन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली फिलोमिनाकडे दिली, कारण मी आठ दिवस पुण्याला चालले होते.

पुण्याला जायचं होतं ते रिट्रीटला, म्हणजे मौनात राहून प्रार्थना आणि मनन करायला. जाण्याआधी फादर म्हणाले होते, "आल्यावर मंडळासमोर बोला. विषय शिष्यत्व. शास्त्रातली एखादी स्त्री घ्या." सगळ्या जणी पवित्र मरियेवर बोलतात. मी ठरवलं, आपण टबीथावर बोलायचं.

टबीथा पुष्कळांना ठाऊक नसते. प्रेषितांच्या काळातली, यापो नावाच्या समुद्रकाठच्या गावची बाई. गरीब विधवांना कपडे शिवून द्यायची. ती आजारी पडून वारली तेव्हा लोकांनी संत पेत्राला बोलावून आणलं. तो माडीवर गेला तर विधवा रडत होत्या, आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवत होत्या. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तिला म्हणाला, ऊठ. ती उठून बसली. बायबलात तिला शिष्या म्हटलं आहे, सरळ त्याच शब्दाने. तिने प्रवचन केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ती शिवायची. आमच्या धंद्याची बाई! पुण्याच्या त्या शांत बागेत, गुलमोहराखाली बसून मी तिच्यावर पाच पानं लिहिली. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मनात कुठेतरी टबीथाचा चेहरा माझ्यासारखाच होता.

ती पाच पानं पिशवीत घेऊन मी स्टेशनवरून थेट वर्गात आले. बाजाराचा दिवस होता. दारातच फिलोमिनाचा चेहरा पाहिला आणि कपाटाकडे गेले. आत एक बाही होती. नुसती एक बाही आणि तो पातळ कागद.

बायडाबाई कोपऱ्यातल्या मशिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर साटीनचं टोपडं होतं. टेबलावर अकरा झबली घडी करून ठेवलेली.

"तळावर सा बाळंतिनी झाल्या, टीचर," ती सहज म्हणाली. "एकीला तर जुळं. गुंडाळायला चिंधी न्हाय. ह्या कोटाची लोकर पोराला टोचती. कपाटात बगितलं, तर ह्ये अस्तर... लई मऊ हाय बगा. फिलोमिनाला म्हनलं, दे किल्ली."

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एक शब्द आठवतो. चोरी. वीस बायकांसमोर मी तो शब्द उच्चारला. देवाच्या घरचं कापड, मुलींचे फ्रॉक, न विचारता कुलूप उघडणं, आणि खाका न काढता कापणं, हेही त्यात होतं. हो, तेही मी म्हणाले.

सगळी मशिनं थांबली होती. बायडाबाईने हातातल्या टोपड्याचा शेवटचा टाका पुरा केला, ते झबल्यांवर ठेवलं आणि उठली.

"चोरी आसती तर लपवली आसती की, टीचर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. झबली तिने पदरात घेतली. त्याबद्दल मला विचारलं नाही आणि मीही अडवलं नाही. दुपारचा एक वाजला होता. दारातून ती त्या पांढऱ्या उजेडात उतरली, आणि थोड्या वेळाने रस्त्यावरच्या झळांमध्ये तिचं लुगडं पाण्यातल्यासारखं हललं आणि दिसेनासं झालं.

मला पश्चात्ताप झाला, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्या दिवशी झाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी अध्यक्षीणबाईंकडे जाऊन गाऊनची बातमी दिली आणि दोघींनी मिळून हळहळ केली. टबीथावरची पानं मी पुन्हा वाचली. चांगली उतरली होती.

दोन दिवसांनी गुरुवार आला. जीप तळाजवळ पोचली तेव्हा मला आधी बाभळी दिसल्या. त्यांच्या फांद्यांना पोरांच्या झोळ्या बांधलेल्या होत्या, आणि त्या धुळकट सावलीत झोळीझोळीत काहीतरी पांढरं लकाकत होतं. जवळ जाऊन पाहिलं. साटीनची झबली. मऊ अस्तर आतून, अंगाला लागेल असं. आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला काढलेल्या, म्हणजे कोवळ्या कातडीला काचायला नको. बटणं नव्हती, पोर गिळेल म्हणून बंद लावले होते. एवढंसं तोंड उघडं टाकून एक बाळ झोपलं होतं, आणि त्याच्या छातीवर त्या परक्या नवरीच्या गाऊनवरचं भरतकामाचं एक फूल वरखाली होत होतं. मी ते फूल बघतच राहिले. इतकं नीट बसवलेलं काम मी माझ्या डिप्लोमाच्या परीक्षेतही केलं नव्हतं.

तेवढ्यात बायका धावत आल्या. बायडाक्काला ऊन लागलंय, म्हणाल्या. परवा शहरातून आली तेव्हापासून अंगात कणकण होती, तरी कामावर गेली. आज सकाळी घमेल्यासकट पडली.

खोपीत ती उताणी पडली होती. अंग तव्यासारखं, घाम नाही, डोळे अर्धे उघडे पण कुणाला ओळखत नव्हते. मुकादम दारात उभा होता. "आता हिला हलवून काय उपेग न्हाय, बाई," तो म्हणाला. "वाटंत जाईल."

तेव्हा एक तरणी बाई पुढे आली, बायडाबाईच्या बहिणीची लेक. तिने अंगातल्या चोळीची बाही पुढे करून मला दाखवली. "ही मावशीनं शिवलीया." तिच्या मागे दुसरीने लुगड्याचा पदर धरला, दोन तुकडे जोडलेला. "ह्येबी तिचंच." मग सगळ्याच. कुणी कुंची, कुणी पोराची चड्डी, कुणी घोंगडीच्या सुताने शिवलेली झोळी. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. हातातलं वस्त्र माझ्यासमोर धरायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या.

माझ्या पिशवीत ती पाच पानं होती. यापोची माडी, त्या विधवा, ती वस्त्रं, सगळं मी त्यात लिहिलं होतं. आणि मी तिथे उभी होते आणि मला प्रार्थनेचा एक शब्द आठवत नव्हता. पेत्राने सगळ्यांना बाहेर काढलं होतं. मला तेही करता येईना, कारण त्या बायकांशिवाय मला तिला उचलताही आलं नसतं.

अब्दुलचाचांनी वाट पाहिली नाही. त्यांनी दुधाच्या पावडरीची पोती भराभर खाली टाकली. "बाई, देखते क्या? उठाओ! मैं गाडी लगाता हूं."

त्या दिवशी टँकर आला नव्हता. प्रत्येक खोपीत आदल्या दिवशीचं तळाशी राहिलेलं पाणी, तेवढंच. बायकांनी ते आणलं. कुणी बोलावलं नव्हतं. तांब्या, गडू, एकीने तर नुसती वाटी. बाळंतिणींनी पोरांच्या अंगातली साटीनची झबली काढली, त्या पाण्यात बुडवली आणि बायडाबाईच्या कपाळावर, मानेवर, काखेत ठेवली. बहिणीची लेक गडू घेऊन आमच्याबरोबर जीपमध्ये चढली.

ते सात मैल मला स्वप्नासारखे आठवतात. दोन्ही बाजूंना उघडा माळ, आभाळ राखेच्या रंगाचं, रस्ता कुठे संपतो आणि झळा कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. बायडाबाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. झबली सुकायची, आम्ही ती पुन्हा ओली करायचो, ती पुन्हा सुकायची. अर्ध्या वाटेवर मी "ऊठ" म्हणाले की नुसतं मनात म्हटलं, ते मला नक्की सांगता येणार नाही. ती काही उठली नाही. अब्दुलचाचांनी मात्र गाडी कुठेही थांबवली नाही.

सरकारी दवाखान्यात तिला सलाइनची बाटली लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ओळखलं.

मी पलंगाशेजारी बसले होते. मनात मोठं भाषण जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "बायडाबाई, मी तुम्हाला चोर म्हणाले. चुकलं माझं."

"त्या गाऊनची येक बाही उरली व्हती," ती म्हणाली. "टाकली न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. तिची दोन टोपडी व्हत्यात."

त्या दुपारी वॉर्डात पंखा हळूहळू फिरत होता. तिला झोप येत नव्हती, म्हणून मी तिला टबीथाची गोष्ट सांगितली. पानं काढली नाहीत. आठवेल तशी सांगितली. ती डोळे मिटून ऐकत होती. पेत्र "ऊठ" म्हणाला आणि ती उठून बसली, इथे मी थांबले, कारण गोष्ट तिथेच संपते.

"मग?" बायडाबाईने डोळे उघडले.

"मग काय? सगळ्यांना आनंद झाला."

"त्यो झाला आसंल की. पर तिनं काय केलं, उटल्यावर?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिवायला कशाला पायजे?" ती म्हणाली. "शिवायला बसली आसंल. आजारी पडली तवा हातात कुनाचं तरी झबलं आर्धं ऱ्हायलं आसंल की तिच्या."

मी आयुष्यभर शास्त्र ऐकत आले होते. टबीथासाठी जिवंत होऊन परत येण्याचं कारण एवढंच असेल, की कुणाचं तरी झबलं अर्धं राहिलं होतं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पुण्याच्या बागेत मी टबीथाच्या दयेबद्दल लिहिलं होतं, त्यागाबद्दल लिहिलं होतं. ती ज्यांच्यासाठी शिवायची त्या विधवांपैकी एकीलाही मी माझ्या पाच पानांत बोलू दिलं नव्हतं.

रविवारी मी मंडळासमोर उभी राहिले आणि पानं पिशवीतच ठेवली. गाऊन, कपाट, तो शब्द, खोप, ओली झबली, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. बोलून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षीणबाई पर्स उचलून निघून गेल्या. वर्षभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. फादर मागे भिंतीला टेकून उभे होते. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "मग मुलींचे फ्रॉक कशाचे शिवणार?"

"मांजरपाटाचे," मी म्हणाले. दुसरं पांढरं कापडच आमच्याकडे नव्हतं. जाडंभरडं, पिशव्या आणि गाद्यांच्या खोळी शिवतात ते.

"चांगलं टिकेल," फादर म्हणाले.

डॉक्टरांनी बायडाबाईला उन्हात कामाला जायला मनाई केली होती. ती महिनाभर मिशनच्या सिस्टर लोकांच्या आवारातल्या खोलीत राहिली आणि वर्गात ते पाच फ्रॉक तिनेच शिवले. मांजरपाट आधी तीनदा धुऊन, दगडावर आपटून तिने मऊ केलं. मापं विती-बोटांनी घेतली. मी टेप गळ्यात अडकवून शेजारी नुसती उभी राहिले. आपल्या धर्मात येण्याबद्दल तुम्ही तिला काही विचारलंत का, असं फादरनी मला एकदा विचारलं. मी नाही म्हणाले. तिचा बिरोबा तिच्यापाशी होता, रोज सकाळी ती त्याचं नाव घेऊनच मशिनीला हात लावायची. मी तिला शिकवायला आणलं होतं, आणि त्या महिन्यात वर्गात बसून कोण कुणाकडून शिकत होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. फादरनी पुन्हा विचारलं नाही.

कम्युनियनचा दिवस जूनच्या सुरुवातीला आला. चर्च भरलं होतं. पाच मुली मांजरपाटाच्या फ्रॉकमध्ये, डोक्यावर मोगऱ्याच्या वेण्या, हातात मेणबत्त्या, मधल्या वाटेने चालत होत्या. खिडकीतून सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात ते जाडं कापड सायीसारखं दिसत होतं. बायडाबाई वहाणा काढून बाहेर दाराशी उभी होती. आत या म्हटलं तर म्हणाली, हितनं दिसतंय की.

वेदीच्या पायरीपाशी सगळ्यांत धाकट्या मुलीचा पाय फ्रॉकच्या घेरात अडकला. टर्रकन आवाज झाला आणि मागची दुमड उसवून लोंबायला लागली. पोरगी तिथेच थिजली. ओठ वाकडे झाले. मी बाकावरून अर्धी उठले आणि मला काय करावं कळेना.

मधल्या वाटेने अनवाणी पावलं आली. बायडाबाई कुणाकडेही न बघता सरळ वेदीपर्यंत गेली, पोरीच्या मागे फरशीवर बसली आणि पदराच्या टोकातून सुई काढली. भजन संपलं होतं. पेटी थांबली. फादर ख्रिस्तप्रसादाचं पात्र दोन्ही हातांत घेऊन पायरीवर उभे होते, ते तसेच उभे राहिले. पहिल्या बाकावर अध्यक्षीणबाई होत्या. कुणी खोकललंसुद्धा नाही. त्या शांततेत सुई मांजरपाटातून जाताना होणारा बारीक आवाज मला शेवटच्या बाकावर ऐकू येत होता, किंवा यायला हवा असं मला वाटलं म्हणून येत होता. दहा टाके घातले असतील. मग तिने गाठ मारली, वाकून दातांनी दोरा तोडला, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला अलगद पुढे केलं.

तेव्हा कुठे तिने मान वर केली. सगळं चर्च आपल्याकडे बघतंय हे तिच्या ध्यानात आलं.

"थांबलासा व्हय समदी?" ती म्हणाली. "चालू द्या की."